आमच्या घरांतल्या तीन पाठी

आपल्याला पाठ आहे, ही गोष्ट मनुष्याला ती दुखूं लागेपर्यंत सहसा ठाऊक नसते. तोंड आरशांत दिसतें, हातपाय डोळ्यांसमोर असतात, पोट तर दिवसांतून चार वेळां आपण होऊन आठवण देतें. पण पाठ बिचारी नांवाप्रमाणें पाठीमागेंच राहते. तसा मराठी भाषेंत पाठीला मोठा मान आहे. धाकट्या भावाला आपण पाठचा भाऊ म्हणतों, संकटांत उभा राहिला त्यानें पाठराखण केली म्हणतों, शाबासकी द्यावयाची ती पाठीवरच देतों, आणि रणांत पाठ दाखविणाऱ्याला क्षमा करीत नाहीं. इतकें असूनहि खुद्द पाठीची विचारपूस करण्याची आपल्या घरांत रीत नाहीं. ती दुखूं लागली, म्हणजे मात्र घरांतील प्रत्येक माणूस वैद्य होतो.

आमचें घर अद्याप एकत्र आहे. जुना वाडा पडून त्या जागीं इमारत उभी राहिली आणि आमच्या वांट्याला शेजारशेजारच्या दोन जागा आल्या. परंतु मधल्या भिंतींत दार काढून घेतल्यामुळें पंगत एकच राहिली. त्या पंगतींत लहानथोर अकरा पानें मांडलीं जातात. गेल्या तीन वर्षांत या अकरा माणसांपैकीं तिघांच्या पाठींनीं तक्रार केली: एक आमची, एक धाकट्या भावाच्या मुलाची, आणि एक आमच्या काकूंची. तक्रारीचे शब्द तिघांचेहि तेच, "कंबर दुखते". पण कारणें तीन निघालीं. त्यांतून जें समजलें तें वाचकांपुढें मांडावें असें वाटतें. त्यांत फुशारकीचें कांहीं नाहीं. उलट शेवटची गोष्ट सांगतांना आम्हांस संकोचच वाटणार आहे.

आधीं आमची कथा. तीन वर्षांपूर्वीं दिवाळीच्या तोंडावर माळ्यावरचीं पितळेचीं भांडीं उतरवीत असतां आमच्या कमरेंत एकाएकीं लचक भरली, आणि हातांतलें पातेलें हातांतच राहिलें. शिडीवरून आम्ही खालीं कसे आलों, तें आठवलें म्हणजे अजून अंगावर कांटा येतो. वहिनींनीं उभ्या उभ्या निदान केलें, "उसण भरली." उसणीवर पायाळू माणसाची लाथ हा रामबाण उपाय, असें आमच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या मानीत आले आहेत. दादांचा नातू पायाळू आहे. परंतु तो शस्त्रक्रियेनें जन्मास आलेला असल्यामुळें त्याच्या लाथेला जुना गुण आहे कीं नाहीं, यावर बराच वाद झाला. वाद मिटण्यापूर्वींच त्यानें लाथ मारली. गुण आला नाहीं. मग वाळूचा शेक झाला, निर्गुडीचा पाला झाला, महानारायण तेल झालें. आणि चौथ्या दिवशीं आमचा धीर सुटला.

आमचे डॉक्टरमित्र त्या वेळीं परगांवीं गेले होते. त्यांची वाट पाहण्याऐवजीं आम्ही कोणाच्याहि सल्ल्यावांचून एका ठिकाणीं जाऊन एमआरआय नांवाचें चुंबकीय चित्र काढून घेतलें. संध्याकाळीं अहवाल हातीं आला. चौथ्या व पांचव्या मणक्यांमधली गादी झिजली आहे, तिचा फुगवटा मागें आला आहे, तिच्या खालची गादी शुष्क झाली आहे, बारीक सांध्यांतहि झीज आहे, अशा अर्थाचीं आठ कलमें त्यांत होतीं. साडेसाती लागल्याची पत्रिका वाचावी तसा तो कागद आम्हीं वाचला. शेजारच्या गृहस्थांनीं, "तुमच्या मणक्यांत गॅप पडली, आतां जपा," असें सांगून भीतीवर शिक्कामोर्तब केलें, आणि आम्हीं जें अंथरूण धरलें तें तीन आठवडे सोडलें नाहीं.

त्या तीन आठवड्यांत सारें घर आमच्या पाठीभोंवतीं फिरत होतें. आमच्या सौभाग्यवती गरम पाण्याची पिशवी बदलीत, पुतण्या औषधें आणी, दादा उशाशीं बसून वर्तमानपत्र वाचून दाखवीत. आमच्या काकू तेव्हां पंचाहत्तर वर्षांच्या होत्या. आई लवकर गेल्यावर आम्हां तिघां भावांना त्यांनींच वाढविलें. त्या सकाळसंध्याकाळ ओट्यापाशीं उभ्या राहून आमच्यासाठीं मुगाची खिचडी करीत. निजल्या जागेवरून आम्हांस स्वयंपाकघर दिसे. मधून मधून काकू दोन्ही कोंपरें ओट्यावर टेकून वांकून उभ्या राहत आणि क्षणभर डोळे मिटून घेत. तें आम्हीं पाहिलें. "वय झालें," असें मनांत म्हटलें, आणि कूस बदलली.

डॉक्टरमित्र परत आले. त्यांनीं तो अहवाल बाजूला ठेवला आणि आधीं आम्हांस उताणें निजवून एकेक पाय गुडघा न वांकवितां वर उचलून पाहिला. पायाचा अंगठा दाबून धरून "वर उचला" म्हणाले. चवड्यांवर चालावयास लावलें, टांचांवर चालावयास लावलें. गुडघ्यावर व घोट्यामागें लहानशी हातोडी मारून पाहिली. वेदना पायांत उतरते काय, मुंग्या येतात काय, ताप येतो काय, वजन उतरलें काय, लघवीची कांहीं तक्रार आहे काय, असें सारें विचारलें. सर्वांचें उत्तर "नाहीं" असें आल्यावर त्यांनीं विचारलें, "हें चित्र काढावयास तुम्हांस कोणीं सांगितलें?"

"कोणीं नाहीं."

"मग अंथरुणावर पडून राहावयास कोणीं सांगितलें?"

आम्ही गप्प बसलों. तेव्हां त्यांनीं जें समजावून सांगितलें, त्याचा सारांश असा.

आपल्या कण्यांत एकावर एक असे चोवीस सुटे मणके असून त्यांच्या खालीं त्रिकास्थि व माकडहाड आहे. चोविसांपैकीं खालचे पांच कमरेचे; वरच्या अंगाचा सारा भार त्यांवर येतो, म्हणून ते सर्वांत मोठे. दोन मणक्यांच्या मध्यें गादी असते. बाहेरून चिवट तंतूंचीं वलयें, कांद्याच्या पापुद्र्यांसारखीं एकांत एक बसलेलीं, आणि आंत खरवसासारखा मऊ गाभा, अशी तिची घडण आहे. प्रौढ माणसाच्या गादींत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतातच. वरच्या-खालच्या मणक्यांतून झिरपणाऱ्या रसावर तिचें पोषण चालतें. दिवसभराच्या भारानें तिच्यांतलें पाणी थोडें निघून जातें व रात्रीं निजल्यावर परत भरतें. म्हणून सकाळीं आपण संध्याकाळच्यापेक्षां सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच असतों. ही गादी मणक्यांना घट्ट जोडलेली असते. ओल्या साबणाच्या वडीप्रमाणें ती सरकत नाहीं. तिचीं वलयें सैल पडून ती फुगते, किंवा एखादें वलय फाटून आंतला गाभा बाहेर येतो, इतकेंच होतें. "गादी सरकली" हे शब्द कानांवर पडले म्हणजे उतरंडींतलें मडकें निसटावें तसें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें, आणि मनुष्य श्वास घ्यावयासहि भितो. "गॅप पडली" या शब्दांत तर वस्तुस्थिति अगदींच उलटी आहे. गादी झिजली म्हणजे मणक्यांमधलें अंतर वाढत नाहीं, कमी होतें.

गादीवर सारा आळ येण्यास इतिहासहि कारण आहे. कमरेंतून पायांत उतरणारी कळ आयुर्वेदाला गृध्रसी या नांवानें फार प्राचीन काळापासून ठाऊक होती. परंतु गादीचा फाटून बाहेर आलेला भाग मज्जातंतूच्या मुळाला दाबतो व त्यामुळें ती उठते, हें १९३४ सालीं मिक्स्टर व बार या बोस्टनच्या दोन शस्त्रवैद्यांनीं स्पष्ट दाखवून दिलें. शोध मोठा होता, खराहि होता. पण एकदां चोर सांपडला म्हणजे गल्लींतल्या प्रत्येक चोरीचा आळ त्याच्यावरच येतो, तसें झालें. पुढें चुंबकीय चित्रें निघूं लागलीं, आणि ज्याची त्याची गादी झिजलेली दिसूं लागली. तेव्हां कांहीं संशोधकांना सुचलें, कीं ज्यांची पाठ मुळींच दुखत नाहीं त्यांचींहि चित्रें काढून पाहावीं. १९९४ सालीं प्रसिद्ध झालेल्या अशा एका अमेरिकन पाहणींत ९८ बिनदुखण्याच्या माणसांपैकीं शेंकडा ५२ जणांच्या एका तरी गादीला फुगवटा आढळला. २०१५ सालीं अशा ३३ निबंधांतील ३,११० माणसांचा एकत्र हिशेब झाला. त्यांत विसाव्या वर्षीं शेंकडा ३७, पन्नासाव्या वर्षीं ८० आणि ऐंशीव्या वर्षीं ९६ लोकांच्या गाद्या झिजलेल्या निघाल्या; आणि दुखणें कोणालाच नव्हतें!

"तुमचें वय चौपन्न," डॉक्टर म्हणाले. "रस्त्यानें हंसत जाणारीं तुमच्या वयाचीं दहा माणसें धरून त्या यंत्रांत घातलीं, तर आठांच्या चित्रांत झीज दिसेल आणि सहांच्या चित्रांत फुगवटा. जुन्या घराच्या पायऱ्या मध्यें झिजतात, म्हणून घर पडतें काय?"

विश्रांतीविषयींहि आमचा समज असाच चुकीचा निघाला. १९८६ सालच्या एका प्रयोगांत, अंथरुणावर दोन दिवस पडणारे आणि सात दिवस पडणारे रोगी सारखेच बरे झाले. दोन दिवसांचे मात्र लवकर कामावर गेले. १९९५ सालीं हेलसिंकीच्या नगरपालिकेच्या नोकरांवर झालेल्या प्रयोगांत तर ज्यांनीं झेपेल तितके आपले नेहमींचे व्यवहार चालू ठेवले, तेच सर्वांच्या आधीं सुधारले. आम्हीं तीन आठवडे पाठीची सेवा केली असें आम्हांस वाटत होतें. प्रत्यक्षांत तिचे स्नायु निजवून ठेवून दुखणें लांबविलें होतें. त्या दिवसापासून आम्ही हिंडूं लागलों. पहिले चार दिवस कंबर कुरकुरली. महिन्याभरांत पूर्ववत् झाली. चित्रांतली गादी अर्थात् होती तशीच आहे.

मग गादी खरोखर केव्हां दोषी मानावी? वेदना कमरेपेक्षां पायांत अधिक असेल, गुडघ्याच्या खालीं पोंचत असेल, खोकतां-शिंकतां वीज चमकावी तशी उतरत असेल, सरळ पाय वर उचलतांच ती जागी होत असेल, पायाचा अंगठा उचलण्याचें किंवा चवड्यांवर उभें राहण्याचें बळ कमी झालें असेल, तर गादीनें तंतूचें मूळ दाबलें आहे असें समजण्यास आधार आहे. चित्रांतला दोष आणि पायांतली खूण यांचा मेळ बसला, म्हणजेच चित्राला अर्थ येतो. अशाहि बहुतेक रोग्यांना कांहीं आठवड्यांत शस्त्रावांचून उतार पडतो; कारण बाहेर आलेला गाभा शरीर हळूहळू शोषून घेतें, आणि नवल असें, कीं मोठे तुकडे लहान फुगवट्यांपेक्षां अधिक वेळां विरून जातात.

दुसरी पाठ पुतण्याची. वय सतरा, जलद गोलंदाज, उजव्या हातानें चेंडू टाकणारा. आमच्या दुखण्याच्या पुढच्याच उन्हाळ्यांत त्याची कंबर डाव्या बाजूला दुखूं लागली. या वेळीं आमच्या अंगीं नवें ज्ञान मुरलें होतें. "तरुण पोर, मोबाईलवर वांकून बसतो, हिंडूं-फिरूं दे म्हणजे बरें होईल," असा निर्वाळा आम्हींच दिला, आणि त्यालाहि तोच हवा होता, कारण महिन्याभरानें संघाची निवड होती. तो गोळ्या खाऊन खेळत राहिला. शेवटीं एके दिवशीं चेंडू टाकतांना तो मैदानांत खालीं बसला, तेव्हां डॉक्टरांकडे नेलें.

डॉक्टरांनीं त्याला एका पायावर उभें करून मागें वांकावयास सांगितलें. डाव्या बाजूला बोट ठेवून तो कळवळला. "हें तुमच्या जातीचें दुखणें नव्हे," असें आम्हांस सांगून त्यांनीं या खेपेस स्वतःच चित्र काढविलें. प्रत्येक मणक्याच्या मागें हाडाची एक कमान असते आणि तींत दोन्ही बाजूंस एकेक निरुंद दुवा असतो. गोलंदाज चेंडू टाकतांना मागें वांकतो, एका बाजूला झुकतो आणि त्याच क्षणीं पिळला जातो. हाड वाढीच्या वयांत असतां ही क्रिया दिवसाला शंभर-शंभर वेळां घडली, तर त्या दुव्याला केंसासारखी चीर जाते. आणि ती बहुधा चेंडूच्या हाताच्या उलट बाजूला असते. १९७३ सालीं वेस्ट इंडीजच्या दौऱ्यांत डेनिस लिली याच्या कमरेच्या मणक्यांना अशाच चिरा पडल्या होत्या. २०१९ सालीं जसप्रीत बुमराह यालाहि कमरेच्या अशाच दुखापतीमुळें कांहीं महिने मैदानाबाहेर राहावें लागलें.

आमच्या दुखण्यावर औषध होतें हिंडणें. याच्या दुखण्यावर होतें थांबणें. चीर लवकर कळली व खेळ बंद ठेवला, तर हाड बहुधा सांधतें. तसाच खेळत राहिला, तर दोन्ही दुवे तुटून मणका खालच्या मणक्यावरून पुढें सरकण्याचा संभव असतो. आम्हीं आपल्या अनुभवाचें माप त्याच्या पाठीला लावलें, आणि एक महिना घालविला. पोरानें निवड गेल्याचें दुःख दोन दिवस न जेवतां काढलें. तेव्हां त्याला लिलीची गोष्ट पूर्ण सांगितली: तो गृहस्थ पोट व पाठ यांचे स्नायु चिकाटीनें बळकट करून परतला आणि १९८४ पर्यंत कसोटी सामने खेळला. पुतण्याहि सहा महिन्यांनीं पुन्हां चेंडू टाकूं लागला. आतां दर आठवड्याचे चेंडू मोजून टाकतो, आणि दुखलें तर सांगतो.

तिसरी पाठ काकूंची. आणि खरें म्हणजे तीच या घरांत सर्वांत आधीं दुखत होती.

पूर्वीं काकू रोज सकाळीं गणपतीच्या देवळांत जात. देऊळ आमच्या दारापासून चारशें पावलांवर आहे. कांहीं वर्षांपूर्वीं त्या वाटेंत वाण्याच्या दुकानाच्या पायरीवर बसूं लागल्या. मग जातांना एकदां व येतांना दोनदां बसूं लागल्या. मग फक्त संकष्टीला जाऊं लागल्या. पुढें तेंहि बंद झालें, तेव्हां, "देव घरींहि आहेच कीं," असें म्हणाल्या. त्यांच्या उत्तराचें आम्हीं कौतुक केलें. कारण कोणीं विचारलें नाहीं. बसल्यावर त्यांचें कांहींएक दुखत नसे. पंगतींत, पूजेंत, भाजी निवडतांना त्या अगदीं ठीक दिसत. त्यामुळें देवळाला न जाणें हें वैराग्य, आणि ओट्यावर कोंपरें टेकणें हें वार्धक्य, असा निकाल आम्हीं परस्पर लावून टाकला होता.

गुपित फोडलें तें बाबागाडीनें. गेल्या वर्षीं दादांना नात झाली. संध्याकाळीं तिला बाबागाडींत घालून इमारतीच्या अंगणांत फिरविण्याचें काम काकूंनीं आपण होऊन घेतलें. एके दिवशीं आमच्या सौभाग्यवती खिडकींतून पाहत म्हणाल्या, "काकूंना फाटकापर्यंत जाववत नाहीं म्हणतात, आणि गाडी घेऊन तर त्यांच्या सहा फेऱ्या झाल्या!" आमच्या मनांत प्रथम आला तो विचार लाजिरवाणा होता, कीं म्हातारपणीं माणसें सोयीप्रमाणें दुखणीं काढतात. सौभाग्यवतींनीं मात्र तो प्रश्न मनांत ठेवला आणि डॉक्टरांच्या कानांवर घातला. तें ऐकतांच डॉक्टर ताडकन् उठून बसले.

मणक्यांच्या मागच्या बाजूनें एक पोकळ वाट जाते. मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागांतच संपतो. तेथून खालीं त्या वाटेनें तंतूंचा घोड्याच्या शेंपटीसारखा जुडगा उतरतो. पेठेंतल्या जुन्या बोळाची कल्पना करावी. समोरून गादीचा फुगवटा पुढें येतो, दोहों बाजूंचे झिजलेले सांधे हाडाचे कंगोरे वाढवितात, मागून जाड झालेला बंध आंत येतो; प्रत्येकानें आपापली ओसरी हातभर पुढें घेतली म्हणजे बोळांतून माणूस आडवें होऊन जावें, तशी त्या तंतूंची गत होते. मनुष्य ताठ उभा राहिला वा चालूं लागला म्हणजे वाट आणखी निरुंद होते व पाय जड पडतात, भरून येतात, बधिर होतात. पुढें वांकलें किंवा बसलें म्हणजे ती थोडी मोकळी होते व आराम पडतो. बाबागाडी ढकलणारा पुढें वांकूनच चालतो. ओट्यावर कोंपरें टेकणारीहि पुढें वांकूनच उभी राहते. उट्रेख्टचे मज्जाशस्त्रवैद्य फेरबिस्ट यांनीं कमरेंतील या निरुंद वाटेचें दुखणें १९५४ सालीं सविस्तर वर्णिलें. आणि आमच्या घरांत तें दिवसांतून दोनदां आमच्या डोळ्यांसमोर उभें होतें.

डॉक्टरांनीं काकूंच्या पावलांवरील नाड्याहि पाहिल्या. कारण पायांच्या रक्तवाहिन्या चोंदल्या तरी चालतांना पोटऱ्या दुखतात, फक्त त्या वेळीं नुसतें उभें राहिल्यानें आराम पडतो, बसावें लागत नाहीं. मग चित्र काढलें. त्यांत वाट चौथ्या-पांचव्या मणक्यांपाशीं अगदीं आंवळलेली दिसली. आमच्या चित्रानें आम्हांस भिवविलें होतें. काकूंच्या चित्रानें त्यांची कित्येक वर्षांची हकीकत खरी ठरविली. दोहोंत भेद इतकाच, कीं एकांत चित्र आधीं आलें आणि दुसऱ्यांत माणूस आधीं आला.

चार महिने काकूंनीं पुढें वांकण्याचे व्यायाम केले, पदर खोचून घरांत स्थिर सायकल चालविली. थोडा फरक पडला. पण उजवें पाऊल अडखळूं लागलें, आणि शस्त्रक्रियेची गोष्ट निघाली. बैठकींत सभा भरली. दादा म्हणाले, या वयांत नको. धाकटा भाऊ म्हणाला, याच वयांत करावी. आम्ही दोन्ही पक्षांचे धोके मोजूं लागलों. काकू गवार मोडीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अरे, तासभर तुम्ही माझ्या पाठीविषयीं बोलतां आहां, माझ्याशीं कोणी बोललें नाहीं." मग गवारीवरून नजर न काढतां त्यांनीं डॉक्टरांना दोन प्रश्न विचारले: "मला देवळापर्यंत जातां येईल का? आणि नाहीं केली तर काय होईल?" डॉक्टरांनीं दोहोंचीं सरळ उत्तरें दिलीं. पायांचें दुखणें हलकें होण्याची आशा चांगली, पण कमरेचें आंखडणें जाईलच असें नाहीं. भूल व शस्त्र यांत धोका आहे. न केल्यास कदाचित् असेंच राहील, कदाचित् चालणें आणखी घटेल. काकू म्हणाल्या, "करूं या."

मागच्या कमानीचा भाग काढून ती वाट मोकळी करण्यांत आली. तीन महिन्यांनीं काकू देवळांत पायीं गेल्या आणि पायीं परत आल्या; वाण्याच्या पायरीवर बसल्या नाहींत. सकाळीं त्यांची कंबर अजूनहि आंखडते. तें डॉक्टरांनीं आधींच सांगितलें होतें, म्हणून त्याविषयीं त्यांची तक्रार नाहीं.

वाचकांच्या घरीं हें उपयोगीं पडावें म्हणून थोडें स्पष्ट लिहितों. पाठीचीं बहुसंख्य दुखणीं आमच्या दुखण्याच्या जातीचीं असतात. तीं दिसतात भयंकर आणि जातात आपोआप. त्यांना हालचाल, शेक व धीर पुरे होतो. परंतु दोन्ही पायांतलें बळ जाणें, बैठकीची जागा बधिर होणें, लघवी तुंबणें किंवा शौचावरील ताबा सुटणें, यांपैकीं कांहीं आढळलें तर सकाळची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें; तेथें कांहीं तासांचाहि उशीर जन्माचें पंगुत्व देतो. पाठीबरोबर ताप येत असेल, वजन उतरत असेल, रात्रीं निजल्यावरहि दुखणें थांबत नसेल, तर आपल्या देशांत मणक्याचा क्षय आठवावा. १७७९ सालीं पॉट यानें वर्णिलेला हा रोग येथून गेलेला नाहीं, आणि औषधानें बरा होतो. पूर्वीं कर्करोग झालेला असला, तर पाठीची नवी वेदना डॉक्टरांपासून लपवूं नये. आणि वृद्ध स्त्रीची पाठ घागर उचलण्यासारख्या क्षुल्लक कारणानें एकाएकीं दुखूं लागली, तर ठिसूळ झालेला मणका चेपला असण्याचा संभव असतो. तें "वय" नव्हे, अस्थिभंग आहे.

शेवटचा शब्द आम्ही जपून वापरावयास शिकलों आहों. "वय झालें" हें निदान नव्हे. तें न विचारण्याचें निमित्त आहे. एकत्र घरांत माणसें पुष्कळ असतात, म्हणून कोणी ना कोणी पाहतच असेल असें प्रत्येकाला वाटतें. आणि मोठ्यानें कण्हणाऱ्याच्या उशाशीं सारें घर गोळा होतें.

गेल्या दिवाळीला माळ्यावरचीं भांडीं पुन्हां काढावयाचीं होतीं. आम्ही शिडीवर चढलों. खालीं हात पुढें करून काकू उभ्या होत्या. पातेलें देण्यापूर्वीं आम्हीं विचारलें, "काकू, आज कंबर कशी आहे?"

"आहे जागेवर," त्या म्हणाल्या. "तूं आधीं पातेलें दे."